लाकडी पायांतली चरबी

"आली! आली बघा! घाण आली!"

अख्खा हॉल पुढे सरकला. मागच्यांनी टाचा उंचावल्या, पुढच्यांनी टबावर माना घातल्या, आणि भिंतीकडच्या एका म्हातारीनं "मलाही दिसू द्या रे मेल्यांनो" म्हणत दोघांच्या बरगड्यांत कोपर खुपसलं. टबात एक जाडजूड गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय सोडून बसले होते. मघाशी सगळ्यांच्या देखत त्यात नळाचं स्वच्छ पाणी ओतलं होतं. ते आधी पिवळं पडलं, मग तांबडं झालं, आणि आता तर गटार बरं अशी त्याची कळा झाली होती. वर फेस, फेसात काळे कण. गृहस्थ आपल्याच पायांकडे असे बघत होते, जणू काही ते शेजाऱ्याचे पाय आहेत.

समोर उंच खुर्चीवर साहेबबाबा. हे नाव लोकांनीच पाडलेलं, आणि अगदी चपखल पाडलेलं. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ, एका हातात माइक, दुसऱ्या हातात काचेची कांडी. साहेब म्हणा, बाबा म्हणा, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. त्यांनी कांडीनं एक काळा कण उचलून दिव्यापुढे धरला.

"हे काय आहे? बोला, बोला! लाजता काय? ही चरबी आहे! कुठली, पोटाची? छे! हृदयाची! हृदयात मोठ्या नळ्या असतात, त्या डॉक्टर लोक बघतात. पण त्यांच्या आत, बंधूंनो, केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. ते त्यांच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणून तुम्हाला घरी पिटाळतात! मी काय करतो? तळपायातून ओढतो! वीज सोडली की चरबी सुटली, सुटली की खाली आली, खाली आली की टबात!"

काय ती वाणी! वीज, नळ्या, चरबी, सगळं एका दमात. टाळ्यांचा कडकडाट झाला. टबातल्या गृहस्थांनीही टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या घाणीला टाळ्या वाजवणारा माणूस मास्तरिणीनं पहिल्यांदाच पाहिला.

मास्तरीण म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. हे नाव तिच्या थोरल्या भावानं चिडवायला ठेवलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं. ती शेवटच्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसली होती, आणि तिचं लक्ष टबाकडे नव्हतं. ती बघत होती दादाकडे. कारण आता माइक दादाच्या हातात गेला होता.

"नमस्कार. मी प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. वस्ताद म्हणतात मला," दादा म्हणाला. चार माणसांत बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या छातीत दुखायचं. जिना चढलो की दाटून यायचं. साहेबबाबांकडे बैठका सुरू केल्या. मग मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी केली. हृदयाच्या नळ्यांत तार घालून फोटो काढतात, ती." त्यानं पिशवीतून फिल्म काढून वर धरली. "नळ्या एकदम साफ! कुठे म्हणजे कुठे अडथळा नाही!"

हॉल दणाणला. वहिनींनी डोळे पुसले. फिल्म पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत हातोहात फिरू लागली. कुणाला त्यातलं काही कळत होतं अशातला भाग नाही, पण सगळ्यांनी माना मात्र डोलावल्या.

कार्यक्रम संपल्यावर तिघं जिना उतरू लागली. हॉल वरच्या मजल्यावर, खाली बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. अर्ध्या वाटेत दादा थांबला, कठड्याला धरून वाकला.

"काय झालं रे?"

"काही नाही गं. बुटाची नाडी सुटली."

"दादा, तू सँडल घातलेत."

दादा हसला. हसता हसता त्यानं छातीवर मूठ दाबून धरली. कपाळावर घाम डवरला होता. वहिनी पुढे गेल्या होत्या, त्यांना दिसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरिणीनं त्याचा दंड धरला.

"अजून दुखतंय तुला. आणि वर जाऊन भाषण ठोकतोस!"

"थोडंसंच गं. उरलीसुरली निघायचीय अजून. पूर्वीपेक्षा पाणी किती फिकं येतं माझं, पाहिलं नाहीस का?"

"आणि गोळ्या?"

"गोळ्या कशाला? फोटो साफ आलाय ना."

झालं होतं ते असं. दादाचं पोट सुटलं होतं. पट्ट्याला नवीन भोकं पाडून झाली, मग पट्टाच नवा आला. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा साखर जराशी वर, प्रेशर जरासं वर, रक्तातली चरबी जराशी वर. सगळंच 'जरासं'. त्या कळकळीनं म्हणाल्या होत्या, "वस्ताद, हे एकेकटं जरासं आहे, पण पोटासकट चौघांनी मिळून संगनमत केलंय. गोळ्या घ्या, कंबर उतरवा, रोज चाला." दादानं ऐकलंही. तरी छातीतलं दाटणं थांबेना, म्हणून आधी साहेबबाबांकडे चार बैठका केल्या, मग मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ब्लॉक नाही. हृदय ठणठणीत. गॅस असेल, टेन्शन घेऊ नका." दादानं विचारलं, "मग दुखतं ते?" तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

साहेबबाबांनी मात्र त्याचं सगळं ऐकून घेतलं. हात हातात घेऊन ऐकलं. दुखतं हे खरं मानलं. तिथेच दादा गळाला लागला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरीण कारखान्यात गेली. गेल्या गेल्या डोळे झोंबले. ओळीनं टाक्या मांडलेल्या, त्यांतून वाफा निघतायत, आणि दादा पितळी नळांचे गजरे करावेत तसे हुकांना नळ अडकवून पहिल्या टाकीत सोडतोय. ही तेल काढायची टाकी. सोड्याच्या गरम पाण्यात नळ बुडवायचे, तारेनं वीज सोडायची, की नळाला चिकटलेलं तेल-ग्रीस सुटून फेसाबरोबर वर येतं. मग पुढच्या टाक्यांत धुणं, आणि शेवटी मुलामा.

"हे बघ, मास्तरीण," दादा म्हणाला, "तुला पुस्तकातलं कळतं, मला हातातलं कळतं. या टाकीत वीज सोडली की धातूला घट्ट बसलेलं तेल सुटतं की नाही? सुटतं. रोज बघतो मी. मग माणसाचं तेल का सुटू नये?"

शेजारी पॉलिशच्या चाकावर बसलेल्या माणसानं तोंडावरचं फडकं खाली केलं. "बरोबर बोलले वस्ताद! बाहेरच्यांना हे पटायला वेळ लागतो. आपल्या कारखान्यातली पोरं एका दिवसात गेली. आपलीच लाईन आहे ना ती!"

घ्या! दुसरा कुणी भोळा म्हणून फसला असता. हे फसले ते कारागीर म्हणून. जी गोष्ट रोज हातानं करतात, तिच्यासारखीच दिसणारी गोष्ट समोर आली, आणि त्यांनी ती घरची म्हणून आत घेतली. मास्तरीण पाय आपटत परत आली.

शाळेच्या प्रयोगशाळेत तिनं बादली घेतली, दोन लोखंडी सळया घेतल्या, मीठ घातलं आणि बॅटरीचा चार्जर जोडला. पाणी पिवळं पडलं, तांबडं झालं, वर फेस आला, काळपट कण तरंगू लागले. बादलीत कुणाचाही पाय नव्हता. मीठ घातलं नाही, तर पाणी तसंच्या तसं राहिलं. थोडं घातलं, तर फिकं झालं. ती हसली, आणि लगेच तिला रडूही आलं, कारण एवढ्याशा गोष्टीपायी तिचा भाऊ छाती धरून जिन्यात उभा राहत होता.

मग ती पुन्हा हॉलमध्ये गेली आणि यावेळी तिनं फक्त साहेबबाबांच्या मदतनिसाचा हात पाहिला. प्रत्येक टबात तो एका डबीतून 'शुद्धिचूर्ण' टाकायचा. नवा माणूस आला की मूठभर. जुना असला की चिमूटभर. आणि साहेबबाबांचा तो लाडका शिष्य, ज्याच्या पायाखालचं पाणी शेवटपर्यंत काचेसारखं राहतं आणि लोक ज्याच्या पाया पडतात, त्याच्या टबात डबी नुसतीच हलायची. दादाचं पाणी फिकं का होत चाललं होतं, ते तिला कळलं. दादा साफ होत नव्हता, जुना होत होता.

खालच्या बूटवाल्याकडे जाऊन तिनं मागणी केली, तेव्हा तो चक्रावलाच. "लाकडी पाय? ज्यावर बूट चढवतो ते? बाई, त्यांचं काय करणार तुम्ही?"

"त्यांच्या हृदयात चरबी झालीय," मास्तरीण म्हणाली. बूटवाल्यानं दोन लाकडी पाय पिशवीत घालून दिले आणि दुकान बंद करून स्वतःही वर आला.

हॉल खचाखच भरला होता. मास्तरिणीचा नंबर लागला. टबात पाणी ओतलं गेलं, दोन सळया घातलेली जाळीची डबी आत सोडली, आणि नवी बाई म्हणून चूर्ण चांगलं मूठभर पडलं. पाण्याची ऊब टिकावी म्हणून मांडीवरून टबापर्यंत जाड टॉवेल पांघरायची तिथली पद्धत होती. ती तिच्या पथ्यावर पडली. साहेबबाबा डोळे मिटून ध्यानात गेले. टॉवेलाआड तिनं आपले पाय खुर्चीखाली दुमडले आणि पिशवीतले पाय टबात सोडले. मदतनिसानं बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं. मग तांबडं. मग काळं कुळकुळीत.

साहेबबाबांनी डोळे उघडले आणि कांडी फिरवली. "अरेरेरे! बाई, केवढं सोसलंत! बारीक नळ्या पार बुजल्यायत. ही जुनी चरबी आहे, लहानपणापासूनची. आणि हा फेस पाहिलात? हे दुःख आहे. मनात कोंडलेलं दुःख! कुणाजवळ बोलला नाहीत तुम्ही!"

"खरं आहे," मास्तरीण म्हणाली. "बोलणार कसे बिचारे? त्यांना तोंडच नाही."

तिनं टॉवेल उचलला आणि टबातून दोन लाकडी पाय काढून वर धरले. त्यांच्यावरून काळं पाणी निथळत होतं.

मग मागून बूटवाला खो खो हसला, ती म्हातारी हसली, आणि बघता बघता सगळा हॉल हसू लागला. मास्तरिणीला वाटलं, जिंकले. तिनं आवाज चढवला. "बघा, नीट बघा! पाणी काळं होतं ते सळयांमुळे. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. पाय असले काय, नसले काय! नव्याला मूठभर मीठ, जुन्याला चिमूटभर. म्हणून तुमचं पाणी फिकं होतं!"

साहेबबाबा घाबरतील, बोबडी वळेल, मागच्या दारानं पळतील असं तुम्हाला वाटलं असेल. तिलाही वाटलं होतं. ते उठले, सावकाश खाली आले, लाकडी पाय हातात घेतले आणि कपाळाला लावले.

"धन्य आहे!" ते माइकवर म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले. "बंधूंनो, आजवर मी माणसं शुद्ध केली. आज या बाईंनी दाखवून दिलं, की लाकडातलीसुद्धा घाण निघते! किती लोकांच्या चालण्याचा भार सोसला असेल या लाकडानं! बाई, तुम्ही माझी परीक्षा घ्यायला आलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

आणि टाळ्या! अहो, टाळ्या! पहिल्यापेक्षा जोरात. म्हातारी पुढे येऊन लाकडी पायांना हात लावून गेली. मास्तरिणीला उत्तर द्यायला समोर काहीतरी धरता येण्यासारखं हवं ना. इथे सगळं कापसासारखं, बुक्की मारली की आत जायची.

पण दादा टाळ्या वाजवत नव्हता. तो दुसऱ्या रांगेत पॉलिशवाल्याच्या शेजारी उभा होता.

"दादा," ती तिथूनच म्हणाली, "तुझ्या टाकीत तेल काढायला तार कशाला जोडतोस?"

"नळाला."

"का?"

"तार जोडली त्याचंच सुटतं. नुसता बुडवून ठेवला तर काय सुटणार, डोंबल!"

"आणि या टबात तार कशाला जोडलीय?"

दादा पुढे आला. मदतनीस "अहो, अहो" करत असताना त्यानं वायर उपटली, जाळीची डबी उघडली आणि आतल्या सळया तळहातावर घेतल्या. एक बऱ्यापैकी धड होती. दुसरी मध्येच खंगून दाभणासारखी झालेली, बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे सुटत होते. प्लेटिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. सळई त्यानं हळूच टबात ठेवली आणि कुणाकडे न बघता तो जिन्याकडे निघाला.

मागे मदतनिसानं नवीन सळई घातली आणि पुढचा नंबर पुकारला.

मास्तरीण धावत खाली गेली. दादा बूटवाल्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"चल, सुटलास एकदाचा," ती त्याच्याजवळ बसत म्हणाली.

"कशातून सुटलो?" दादा म्हणाला. "हा लबाड निघाला. बरं. मग मोठ्या दवाखान्यातला खरा. तो म्हणाला, काही नाही. मग हे जे दुखतंय, ते काय माझं डोकं फिरलंय म्हणून? आत्तासुद्धा दुखतंय, मास्तरीण. हा लबाड निदान म्हणत तरी होता, की आत काहीतरी आहे."

टबातलं पाणी उलगडून दाखवता आलं, पण भावाच्या छातीतलं काय सांगणार? ती त्याला हाताला धरून गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म पाहिली, गोळ्या कधीपासून बंद आहेत ते ऐकलं, आणि डोक्याला हात लावला. मग मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि सावकाश समजावून सांगितलं.

"वस्ताद, तुमचं दुखणं खरं आहे. या फोटोत हृदयाच्या मोठ्या नळ्या दिसतात. झाडाच्या फोटोत फांद्या दिसाव्यात, पण पानांतल्या शिरा दिसू नयेत, तसं. बारीक नळ्या यात येतच नाहीत. आणि तुमचा बिघाड आहे तो त्या बारीक नळ्यांत."

"म्हणजे तो बाबा खरं बोलत होता?"

"तेवढं एक वाक्य खरं होतं, त्यावर तर सगळं दुकान उभं आहे! पण पुढचं ऐका. त्या नळ्यांत काही तुंबलेलं नाही. ओढून काढायला तिथे काही नाहीच. साखर, प्रेशर, चरबी आणि हे पोट, हे सगळं जरासं जरासं वर असलं, तरी वर्षानुवर्षं त्या नळ्यांचं आतलं नाजूक अस्तर खराब करत राहतं. चांगली नळी कशी असते? तुम्ही जिना चढायला लागलात, हृदयाला जास्त रक्त लागलं, की ती सैल होते, रुंद होते. अस्तर बिघडलं की तिला सैल होता येत नाही. काम वाढतं, रक्त वाढत नाही. हृदयाचा स्नायू उपाशी राहतो, आणि दुखतं. पुढे त्या नळ्यांच्या भिंती जाड होतात, काही नळ्या मरूनही जातात, आणि उपाशी राहून राहून हृदय ताठ होतं."

"मग आता?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा ही सुरुवात होती. सुरुवातीला हे बरंचसं मागे नेता येतं. औषधं आहेत, चालणं आहे, कंबर उतरवणं आहे. रक्त किती वाहतं ते मोजायच्या तपासण्याही आहेत, तुम्हाला मीच तेव्हा नेटानं पाठवायला हवं होतं. आता..." त्यांनी दादाच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. थकलेल्या हृदयामुळे पायांत पाणी साठू लागलं होतं. "आता जेवढं उरलंय तेवढं सांभाळायचं. सांभाळू या."

दादानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. चालायलाही लागला, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथल्या कट्ट्यावर बसून परत यायचा. मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. यावेळी तिथल्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं नाही, पण हृदय ताठ झालं होतं ते झालंच होतं. कारखान्यात त्याला जड नळांचे हुक उचलवेनात, म्हणून मालकानं त्याला माल मोजायला बसवलं. तिथेच एका दुपारी तो खुर्चीत मागे टेकला. पॉलिशवाल्याला वाटलं, वस्तादांना डुलकी लागली. त्यानं हाक मारली, मग खांदा हलवला, आणि मग त्याचा आरडाओरडा ऐकून सगळा कारखाना थांबला.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पॉलिशवाला आला, डोळे सुजलेले. कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "साहेबबाबा हळहळत होते हो. म्हणाले, कोर्स अर्धवट सोडला की चरबी उलटी फिरते. अजून थोड्या बैठका झाल्या असत्या, तर..."

मास्तरीण ताडकन उठली. "अरे, तू रोज तारा जोडतोस! तुझ्या वस्तादानं तुझ्यादेखत ती झिजलेली सळई काढून दाखवली ना?"

"दाखवली ना," पॉलिशवाला खाली मान घालून म्हणाला. "पण मग वस्ताद का गेले?"

तिनं त्याला समजावलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द सांगितला. अस्तर, सैल होणं, उपाशी स्नायू. तो हो हो करत राहिला. पण त्याच्या डोळ्यांत तिला दिसत होतं, की 'चरबी उलटी फिरली' हे त्याला झटकन कळलं होतं, आणि हे सगळं फार लांबलचक होतं.

सगळे गेल्यावर वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या. आवाज चढवला नाही. रडल्याही नाहीत.

"वन्सं, चांगले बसले होते ते. तिथून आले की शांत झोपायचे. तुम्ही त्यांना भर हॉलमधून उठवलंत."

"वहिनी, ते तिथे बसले म्हणून गोळ्या सुटल्या. त्या सुटल्या म्हणून..."

"तुम्हाला शिकवायची सवयच आहे."

दादाच्या मरणाचं खापर आपल्या डोक्यावर फुटेल, हे मास्तरिणीच्या स्वप्नातही नव्हतं. ती उठून दाराशी गेली, आणि तेव्हा तिनं पाहिलं, की वहिनी पाण्याचा हंडा उचलून ओट्यावर ठेवताना मध्येच थांबल्या, छातीच्या मधोमध हात धरला आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या. कंबर त्यांचीही दादासारखीच सुटलेली. साखर त्यांचीही जराशी वरच होती.

"वहिनी, कधीपासून होतंय हे?"

"काही नाही. दमलेय."

"उद्या सकाळी मी येते. डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. अजून सुरुवात असेल. सुरुवातीला मागे नेता येतं हे, ऐकताय ना?"

वहिनींनी मान हलवली. मास्तरिणीला तो होकार वाटला.

सकाळी ती आली तेव्हा दाराला कुलूप होतं. ती तशीच हॉलकडे गेली. बूटवाल्यानं तिला बघून नुसतं वर बोट केलं. जिना चढताना भिंतीवर दादाचा मोठा फोटो लावलेला दिसला, हातात फिल्म धरलेला, खाली ठळक अक्षरांत 'नळ्या एकदम साफ'. त्याच्या शेजारी एका छोट्या काचेच्या पेटीत दोन लाकडी पाय ठेवले होते.

वहिनी टबात पाय सोडून बसल्या होत्या. पाणी पिवळं पडायला लागलं होतं. मास्तरीण त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. साहेबबाबांनी तिला हटकलं नाही. लाकडी पायांच्या चमत्कारातली बाई म्हणून आता ती त्यांना हवीच होती.

"वहिनी," ती म्हणाली. शेजारच्या टबांमधली माणसंही ऐकत होती, म्हणून ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. "मी तुम्हाला शिकवत नाहीये. मी हात जोडतेय. तुम्हाला दुखतंय ते खरं आहे. फोटो साफ आला तरी ते खरंच असतं. कुणी म्हणालं काही नाही, तर दुसऱ्याला विचारायचं, तिसऱ्याला विचारायचं, पण जो तपासतो त्याला विचारायचं. साखर मोजता येते, प्रेशर मोजता येतं, कंबर तर घरच्या टेपनं मोजता येते. हे पाणी काहीच मोजत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. यांच्यावरही ठेवू नका. फक्त एकदा पाय बाहेर काढा आणि टबाकडे बघत राहा. पाणी तसंच काळं होत जाईल. एवढंच करा. पाय बाहेर काढा, वहिनी."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि काळं झालं, तर मग मी कुठे बसू?" त्या म्हणाल्या.

"माझ्याजवळ."

पाणी तांबडं झालं. वहिनींनी टॉवेल गुडघ्यांवरून नीट पुढे ओढून घेतला आणि डोळे मिटले.